बॉक्स रूममधला गळीत हंगाम

आयर्लंडची रेल्वे मॉडेलमध्ये करायची म्हटली की सगळ्यात आधी रुळांच्या रुंदीचा घोळ निस्तरावा लागतो. इथला गेज ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिलिमीटर, ब्रिटनचा ४ फूट साडेआठ इंच आणि आपला भारतातला ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे हा अधलामधला. सुरुवातीला इथे ज्याला जे सुचलं ते त्याने घातलं होतं, डब्लिन-किंग्सटाउनवाल्यांनी ब्रिटिश मापाचे रूळ, उत्तरेत अल्स्टर रेल्वेने ६ फूट २ इंच, ड्रॉहेडावाल्यांनी ५ फूट २ इंच, मग भांडणं झाली, सरकार मध्ये पडलं, ५ फूट ३ इंच ठरलं आणि १८४६ च्या कायद्याने ते पक्कं झालं. आयर्लंड सोडलं तर हा गेज आता ऑस्ट्रेलियाचा काही भाग आणि ब्राझील एवढ्यातच सापडतो.

मॉडेलवाल्याचं दुखणं असं की बाजारात तयार मिळतात ते रूळ ब्रिटिश ओओ स्केलचे. ओओ म्हणजे एका फुटाला ४ मिमी, १:७६.२, आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. गुणाकार करून बघा, साधारण १२५७ मिमी येतं, म्हणजे ब्रिटिश गेजपेक्षाही कमी आणि आयरिश गेजपेक्षा तर फुटाहून जास्त कमी. बरोबर करायचं तर २१ मिमी पाहिजे. असे २१ मिमीवाले कट्टर लोक आहेत इथे, एकेक स्लीपर कापून त्यावर हाताने रूळ बसवतात, प्रत्येक इंजिनाची चाकं काढून रुंद करतात, त्यांचं काम बघितलं की हात जोडावेसे वाटतात. मी मात्र सरळ १६.५ घेतला. दिवसभर नोकरी, घरात लहान पोरगी, आणि मला गाडी चालवायची होती, आयुष्यभर रूळच घालत बसायचे नव्हते. शिवाय लेआउट, म्हणजे फळ्यांवर उभारलेली अख्खी छोटी रेल्वे, छातीच्या उंचीवर ठेवला आणि गाडी बाजूने बघितली की रुळांची रुंदी डोळ्याला जाणवतच नाही, समोरून फोटो काढला तरच चोरी पकडली जाते.

आता बनवायचं काय, हा खरा प्रश्न. इथे नव्याने आलेला माणूस डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवर कॉर्कची गाडी बघतो आणि २०१ क्लासच्या प्रेमात पडतो, त्यात काही चूक नाही, ३२०० हॉर्सपॉवरचं देखणं इंजिन आहे, प्रत्येकाला एकेका नदीचं नाव, आणि त्यातलं पहिलं तर १९९४ मध्ये कॅनडाहून चक्क आन्तोनोव्ह विमानात घालून डब्लिनला उतरवलं होतं. पण अशा इंजिनाला शोभेल असं मोठं स्टेशन करायला जागा लागते. माझ्याकडे होती ती बॉक्स रूम. इथल्या सेमी-डिटॅच्ड घरांमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्यांनंतर एक तिसरी खोली असते, अडीच मीटर बाय दोन-सव्वादोन मीटर, जिथे सगळे लोक सुटकेस, इस्त्रीचा बोर्ड आणि जिमचं न वापरलेलं सामान कोंबतात, ती. खऱ्या जगातला एक किलोमीटर ओओमध्ये १३ मीटर होतो, आता बसवा ह्यूस्टन.

मग एका जुन्या फोटोंच्या पुस्तकात मला बीटची गाडी दिसली. दोन छोटी नारिंगी-काळी डिझेल इंजिनं एकामागे एक, मागे गंजक्या विचित्र उंच वाघिणींची रांग, आणि वाघिणींतून वर आलेले चिखलाने माखलेले शुगर बीट. मी सांगलीकडचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मागे लाल कापड बांधलेलं, कारखान्याच्या काट्यावर रात्रभर रांग आणि हवेत मळीचा वास, हे सगळं लहानपणापासून बघत आलेला माणूस आहे मी. इथेही तोच महिना, तीच गडबड, तोच साखर कारखाना, फक्त उसाऐवजी जमिनीतला कंद आणि ट्रॉलीऐवजी रेल्वे. इथले लोक त्याला कॅम्पेन म्हणतात. म्हणजे आपला गळीत हंगामच. मग दुसरं काही बघायची गरजच उरली नाही.

थोडी माहिती देतो, कारण इथल्या नव्या पिढीलाही हे माहीत नसतं. आयर्लंडमध्ये कार्लोचा कारखाना १९२६ मध्ये सुरू झाला, मग सरकारने साखर कंपनी काढली आणि १९३४ पासून मॅलो, थर्ल्स आणि टुअम असे आणखी तीन आले. त्यातले टुअम आणि थर्ल्स ऐंशीच्या दशकातच बंद पडले, कार्लो २००५ मध्ये, आणि युरोपियन युनियनने साखरेचं धोरण बदलल्यावर २००६ मध्ये मॅलोही गेला, देशातला साखर उद्योगच संपला. वेक्सफर्ड जिल्ह्यातला बीट वेलिंग्टनब्रिज नावाच्या छोट्याशा स्टेशनवर रेल्वेत भरायचे, तिथून गाडी बॅरो नदीचा लांबलचक पूल ओलांडून वॉटरफर्ड, कॅरिक-ऑन-शूर, क्लॉनमेल, लिमरिक जंक्शन करत मॅलोला. २००५-०६ चा हंगाम शेवटचा. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये वॉटरफर्ड ते रॉसलेअर या मार्गावरची प्रवासी गाडीही बंद झाली. हा मार्ग मुळात १९०६ मध्ये उघडला होता, वेल्सच्या फिशगार्डहून रॉसलेअरला येणाऱ्या बोटींचे प्रवासी पुढे न्यायला, म्हणजे शंभर वर्षं जेमतेम ओलांडली.

मी ठरवलं की वेलिंग्टनब्रिज करायचं, पण स्टेशन म्हणून नाही, हंगाम म्हणून. साल २००० च्या आसपास, महिना नोव्हेंबर. हे एकदा ठरल्यावर बाकीचे शंभर निर्णय आपोआप होतात, हे माझं ठाम मत झालंय. झाडांना पानं किती? जवळजवळ नाहीत. गवत कसलं? ओलं, पिवळट, तुडवलेलं. इंजिनं कोणत्या रंगात? नारिंगी-काळी, त्यावर पांढऱ्या रेघा, ज्याला इथले मॉडेलवाले टिपेक्स म्हणतात. नवीन कुठलं सुंदर मॉडेल बाजारात आलं की हात शिवशिवतो, पण ते २००० सालच्या नोव्हेंबरात वेलिंग्टनब्रिजला येणं शक्य होतं का, एवढा एकच प्रश्न विचारायचा. उत्तर बहुतेक वेळा नाही असतं आणि दीडशे-दोनशे युरो वाचतात. मित्रांकडे बघतो ना, वाफेचं इंजिन, त्याच्या शेजारी आजची रेलकार, त्याच्या शेजारी डोनेगलची नॅरोगेज, सगळं एकाच टेबलावर, त्यांना मजा येते तर येऊ दे, पण मला ते खेळण्याचं दुकान वाटतं.

प्रत्यक्ष जागा बघायला गेलो. रूळ अजून जागेवर आहेत पण गवतात, आणि बंद असले तरी ती रेल्वेची जागा आहे त्यामुळे रुळांवर उतरायचं नाही, जेवढं रस्त्यावरून दिसतं तेवढं बघायचं. एका काठीवर फुटाच्या खुणा करून नेली होती, ती भिंतीला टेकवायची आणि फोटो काढायचा, मग घरी बसून मापं काढायची. बाकी काम ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे सरकारी मोजणीच्या, मैलाला २५ इंच मापाच्या जुन्या नकाशांनी केलं, त्यात सायडिंगची, म्हणजे वाघिणी उभ्या करायच्या बाजूच्या लाइनची, एकेक रेघ दिसते. गावाजवळ खाडीच्या काठावर क्लोनमाइन्स म्हणून मध्ययुगीन गावाचे अवशेष आहेत, ओसाड बुरूज आणि पडकं चर्च, ते मी मागच्या पडद्यावर धूसर रंगवून घेतलं. वेक्सफर्डचा माणूस ते बघून लगेच ओळखतो, बाकीच्यांना वाटतं आयर्लंड आहे म्हणून एक किल्ला चिकटवलाय.

बेसबोर्ड ९ मिमी प्लायवूडचे, प्रत्येकी १.२ मीटरचे दोन, एका भिंतीला लागून, आणि काटकोनात वळून दुसऱ्या भिंतीला दीड मीटरचं फिडल यार्ड. फिडल यार्ड म्हणजे बाकीचं जग, जिथून गाड्या येतात आणि जिथे जातात, प्रेक्षकाला न दिसणारी जागा. प्लायवूड घरी कापत बसू नका, बिल्डरच्या दुकानात मापं द्या, ते मोठ्या करवतीवर पाच मिनिटांत काटकोनात कापून देतात. इथली हवा ओलसर, त्यामुळे प्लायवूडला सगळ्या बाजूंनी, कडांनासुद्धा वॉर्निश लावलं. दोन बोर्ड जोडायला पितळेच्या खुंट्या मिळतात, एका बाजूला खुंटी दुसरीकडे खोबण, त्या लावल्या की बोर्ड कितीही वेळा सोडवा आणि जोडा, रूळ परत जुळतात. घर भाड्याचं आहे, कधी हलवावं लागेल सांगता येत नाही, म्हणून हा खर्च आधीच केला.

लांबीचा हिशोब गाडीवरून केला. बीटच्या गाडीचं १४१ क्लासचं डिझेल इंजिन ओओमध्ये साधारण १८ सेंटीमीटर, अशी दोन, आणि ९ सेंटीमीटरच्या आठ वाघिणी, मिळून एक मीटर आठ सेंटीमीटर. मग लूप, म्हणजे मेनलाइनपासून फुटून पुढे परत तिलाच मिळणारी लाइन, सव्वा मीटरचा. खरी गाडी याच्या कितीतरी लांब असायची, पण आठ वाघिणी वळणावरून सावकाश आल्या की डोळा फसतो. सहा घातल्या तर मात्र फसत नाही, का ते विचारू नका, करून बघितलंय.

रूळ पेकोचे, कोड ७५ चे, म्हणजे रुळाची उंची ०.०७५ इंच, त्याखाली ३ मिमी कॉर्क. बीटच्या सायडिंगला कॉर्क घातलाच नाही, त्यामुळे ती मेनलाइनपेक्षा थोडी खाली बसली, आणि खरी सायडिंग असतेच तशी, कोणी लक्ष न दिलेली. वीज डीसीसीची, म्हणजे डिजिटल पद्धतीची. जुन्या पद्धतीत रुळांत १२ व्होल्टपर्यंत डीसी सोडायचा आणि कमीजास्त करून वेग बदलायचा, त्यात एका रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची तर रुळांचे तुकडे पाडून स्विचांचं जंगल करावं लागतं. डीसीसीत रुळांत कायम पूर्ण दाब असतो, प्रत्येक इंजिनात एक डिकोडर, त्याला नंबर, आणि हुकूम त्या नंबरला जातो. बोर्डाखाली दोन जाड वायरी लांबच लांब, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्यातून एक बारीक वायर खाली येऊन त्यांना जोडलेली. कंटाळवाणं काम आहे, पाठीवर झोपून वर बघत सोल्डरिंग करायचं, गरम थेंब डोळ्यात पडू नये म्हणून चष्मा लावायचाच. पण रुळांच्या जॉइनरवर विसंबून राहिलं की दोन वर्षांनी गाडी मध्येच थबकायला लागते, असं इथल्या क्लबमधल्या एका जुन्या सभासदाने आधीच बजावलं होतं.

पॉइंट, म्हणजे गाडीला एका लाइनवरून दुसरीवर नेणारा रुळांचा सांधा, हलवायला मोटरी घातल्या नाहीत. साधा स्लाइड स्विच घ्यायचा, त्याच्या बटणाला भोक पाडून एक तार ओवायची, तार पॉइंटला जोडायची, बटण सरकवलं की पॉइंट सरकतो आणि त्याच स्विचमधून पॉइंटच्या मधल्या भागाची वीजही बदलते. दीड-दोन युरोत काम, शिवाय हाताला खटका जाणवतो.

खडी टाकणं हे या छंदातलं सगळ्यात ध्यानधारणेचं काम. कोरडी खडी चमच्याने पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरच्या मध्ये बसवायची, एक दाणासुद्धा रुळाच्या आतल्या कडेला चिकटता कामा नये, मग पाण्याचा फवारा मारून ओली करायची, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा नाहीतर पाणी गोळे होऊन खडी उडते, आणि मग पीव्हीए गोंद निम्मं पाणी घालून ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचा. रात्रभर हात लावायचा नाही. बायको म्हणाली एवढ्या निगुतीने कधी भात लावला असतास तर.

चिखल मात्र मनापासून केला. बीट भरायच्या जागेला फलाट-बिलाट नसतो, सगळीकडे ट्रॅक्टरच्या चाकांनी लोळवलेला राडा. टाइल्सच्या सांध्यात भरायचा ग्राउट घेतला, त्यात तपकिरी पावडर रंग आणि पीव्हीए, पॅनकेकच्या पिठाइतकं पातळ करून ओतलं, अर्धवट सुकत आलं की खेळण्यातला ट्रॅक्टर पुढेमागे फिरवून चाकोऱ्या पाडल्या, आणि सगळ्यात शेवटी चाकोऱ्यांत चमकदार वॉर्निशचे ओघळ सोडले, म्हणजे साचलेलं पाणी. आयर्लंडच्या नोव्हेंबरात कोरडा चिखल दाखवला तर लोक हसतील. बाजूचं गवत स्टॅटिक ग्रासचं, एका चाळणीसारख्या यंत्रातून २ आणि ४ मिमीचे तंतू विजेच्या भाराने उभे राहून गोंदावर पडतात, हिरवा कमी, पेंढ्याचा रंग जास्त. कुंपणाच्या झुडपांत दोन-चार ठिकाणी गॉर्सचा पिवळा ठिपका दिला, कारण ते झुडूप इथे भर थंडीतही कुठेतरी फुललेलं असतंच.

वाघिणी हा या लेआउटचा जीव. बीटच्या वाघिणी म्हणजे जुन्या दोन चारचाकी वाघिणींचे डबे एकावर एक चढवून केलेला जुगाड, खालचे डबे बुलीडच्या काळातले, पत्र्याला वळ्या असलेले. हा ऑलिव्हर बुलीड म्हणजे आधी इंग्लंडच्या सदर्न रेल्वेत गाजलेला आणि मग पन्नासच्या दशकात इथल्या सीआयई या सरकारी वाहतूक कंपनीचा मुख्य यांत्रिक अभियंता झालेला माणूस, याच माणसाने पीटवर, म्हणजे दलदलीतून खणून काढलेल्या जळणावर, चालणारं वाफेचं इंजिनही करून बघितलं होतं. मी रेझिनची किट घेतली. वेळ जातो तो जोडण्यात नाही, गंजवण्यात जातो. आधी विटकरी तपकिरी, त्यावर केसांचा स्प्रे, त्यावर फिकट तपकिरी, मग ओल्या ब्रशने खरवडलं की वरचा रंग जागोजागी निघून गंज दिसतो. आतली बाजू वेगळी, तिथे बीट घासून घासून पत्रा उघडा पडलेला, तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली. आठही वाघिणी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत, एकीचा पत्रा पोचा, एकीचा नंबर पुसट.

आणि मग बीट. खरा शुगर बीट वीस-पंचवीस सेंटीमीटरचा, मळकट पांढरा, एका टोकाला निमुळता. ओओमध्ये तो ३ मिमी होतो. बाजारात लघुरूप दगड, कोळसा, लाकडाचे ओंडके सगळं मिळतं, पण हा आकार हवा तसा दिसला नाही. मोहरी गोल, राजगिरा बारीक, खसखस तर धूळच. उत्तर स्वयंपाकघरातच होतं, तीळ. सालासकटचे, थोडे मळकट तीळ, निमुळते, तीन मिलिमीटर, देवाने १:७६ मध्येच बनवलेले. डब्लिनच्या भारतीय दुकानातून पिशवी आणली, वाघिणीच्या मापाच्या फोमच्या तुकड्यावर पीव्हीए लावून तीळ ओतले, सुकल्यावर पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवला म्हणजे माती फटीत बसते आणि तिळाचं टोक उजळ राहतं. वरून मॅट वॉर्निशचे दोन हात मात्र हवेतच, कारण इथल्या घरांत थंडी पडली की उंदीर येतात आणि त्यांना स्केलशी देणंघेणं नसतं. जमिनीवरचा मोठा ढीगही तसाच. संक्रांतीला त्याच पिशवीतल्या उरलेल्या तिळाचे लाडू झाले, ते इथल्या मराठी मित्रमंडळींनी खाल्ले, नंतर वर जाऊन लेआउट बघितला आणि मग माझ्याकडे जरा संशयाने बघितलं.

फोमच्या खाली एक लोखंडी वॉशर चिकटवलाय. ही युक्ती माझी नाही, कोळसा वाहणाऱ्या मॉडेलवाल्यांची जुनी आहे. त्यामुळे चुंबक वरून नेला की अख्खा माल उचलला जातो आणि वाघीण रिकामी. हे का लागतं ते पुढे येईल.

इंजिनं मर्फी मॉडेल्सची, १४१ क्लासची जोडी. खरी इंजिनं जनरल मोटर्सची, १९६२ मध्ये एकूण ३७ आली. त्याआधी साठ-एकसष्टमध्ये एकाच टोकाला केबिन असलेली १२१ क्लासची १५, आणि नंतर १९६६ मध्ये १८१ क्लासची १२. या सगळ्यांना मिळून लाडाने बेबी जीएम म्हणतात. त्याआधीची, १९५५ पासून आलेली ए क्लास इंजिनं क्रॉसली कंपनीच्या यंत्रांमुळे सतत आजारी असायची, शेवटी त्यांच्या पोटातही जीएमचीच यंत्रं बसवली, तेव्हा इथल्या रेल्वेवाल्यांचा अमेरिकन डिझेलवर एवढा जीव का ते कळतं. माझ्या दोन्ही इंजिनांत आवाजाचा डिकोडर आणि शुगर क्यूब नावाचा अंगठ्याच्या नखाएवढा स्पीकर आहे. डोळे मिटून ऐकलं तर ते जीएमचं जड, खालच्या पट्टीतलं गुरगुरणं आपल्याकडच्या डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेल इंजिनाच्या खानदानातलंच आहे, कारण खानदान खरंच एक आहे, २०१ क्लासमध्ये ७१० मालिकेचं १२ सिलिंडरचं यंत्र आणि डब्ल्यूडीजी-४ मध्ये त्याच मालिकेचं १६ सिलिंडरचं. १४१ त्यांची छोटी मावशी म्हणा. प्रवासी गाडीसाठी तिसरं इंजिन आणि क्रेव्हन्स कंपनीचे दोन डबे, सोबत डबे गरम ठेवणारी एक व्हॅन.

खरेदीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. जानेवारी २०२१ पासून, म्हणजे ब्रेक्झिट पूर्ण झाल्यावर, इंग्लंडच्या दुकानातून मागवलं की इथे २३ टक्के व्हॅट लागतो, कधीकधी कस्टम ड्युटीचाही प्रश्न, आणि कुरियरवाला हाताळणी म्हणून वेगळे घेतो ते निराळंच. म्हणून मोठी वस्तू असेल तर इथल्या दुकानातून किंवा उत्तर आयर्लंडमधून घ्यायची, रंग आणि सटरफटर कोणी इंग्लंडहून येत असेल त्याला सांगायचं. पुण्याहून चितळ्यांची बाकरवडी मागवणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आता चालवणं. लेआउट बघायला येणारे पाहुणे विचारतात, गोल फिरत नाही का गाडी? नाही फिरत. इथे काम चालतं. वॉटरफर्डच्या बाजूने, म्हणजे फिडल यार्डातून, रिकामा रेक, म्हणजे जोडलेल्या वाघिणींची रांग, येतो, लूपमध्ये उभा राहतो, इंजिनांची जोडी सुटते, बाजूच्या लाइनने फिरून दुसऱ्या टोकाला लागते, मग रेक ढकलत सायडिंगला. तिथे भरणं होतं, म्हणजे मी एकेका वाघिणीत तिळाचा फोम ठेवतो, खऱ्या लोडरला लागायचा तेवढा नाही तरी थोडा वेळ मुद्दाम घेतो. मधेच प्रवासी गाडीची वेळ होते. त्या काळात त्या मार्गावर दिवसाला एकच प्रवासी गाडी जायची-यायची, त्यामुळे ती आली की सगळं शंटिंग थांबवून तिला वाट द्यायची. मग भरलेली गाडी वॉटरफर्डकडे. फिडल यार्डात गाडी सरळ एका कॅसेटवर जाते, कॅसेट म्हणजे प्लायवूडच्या पट्टीवर ॲल्युमिनियमच्या दोन कोनपट्ट्या, त्याच रूळ. तिथे चुंबकाने माल उचलला की मॅलोचा कारखाना झाला, रिकामा रेक परत यायला तयार. भरलेली गाडी भरलेलीच परत आली तर सगळा खेळ खोटा, म्हणून तो वॉशर.

सिंगल लाइन म्हटलं की टोकन आलं, म्हणजे एका वेळी एकच गाडी त्या लाइनवर जावी म्हणून ड्रायव्हरच्या हातात द्यायची परवानगीची खूण. आपल्याकडे सिंगल लाइनवर नील नावाच्या यंत्रातला तो टोकनचा गोळा असायचा ना, स्टेशनमास्तर रिंगणात घालून ड्रायव्हरला द्यायचा, तसं इथे इलेक्ट्रिक ट्रेन स्टाफ, लोखंडी दांडका, यंत्रातून एकावेळी एकच निघतो. माझ्याकडे पितळी नळीचा एक तुकडा आहे आणि तो माझ्या मुलीच्या ताब्यात. ती सिग्नलवाली. सेमाफोरची दोन सिग्नलं पितळी किटमधून केली, इथली बहुतेक सेमाफोर लोअर क्वाड्रंट, म्हणजे मोकळा सिग्नल देताना हात खाली पडतो. तिने नळी दिल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि ती गृहपाठ संपल्याशिवाय नळी देत नाही, म्हणजे तिचा गृहपाठ, माझा नाही. दोघांनी मिळून पूर्ण क्रम केला तर तास-सव्वातास आरामात जातो, घाई केली तर मजा जाते. बेबी जीएमची जोडी रेक ढकलत नेताना माणसाच्या चालण्याच्या वेगाने गेली पाहिजे, त्यासाठी दोन्ही डिकोडरचे वेग एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात, नाहीतर एक ओढतं आणि एक अडवतं.

रूळ पुसणं हे रोजचं खातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन रूळ आणि चाकं दोन्ही. हिवाळ्यात हीटिंग चालू-बंद होऊन लाकूड थोडं हलतं, म्हणून बोर्डाच्या सांध्यापाशी रुळांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवलीय.

क्लबच्या लोकांनी आग्रह केला म्हणून एका छोट्या प्रदर्शनात नेला. मॉडेल रेल्वेची इथे जुनी परंपरा आहे, डब्लिनमधल्या इंचिकोरच्या रेल्वे कारखान्यातला ड्राफ्ट्समन सिरिल फ्राय याने हाताने बनवलेला संग्रह आता मॅलाहाइडला कॅसिनो नावाच्या घरात म्युझियममध्ये ठेवलाय, तो बघून मग आपलं काम लोकांपुढे ठेवायची लाजच वाटते. पण प्रदर्शनात लोक वेगळ्याच गोष्टी बघतात. लहान पोरांना चिखल आवडला. एक टोपीवाले आजोबा बराच वेळ उभे होते, वेक्सफर्डचे शेतकरी निघाले, स्वतः ट्रेलरने बीट आणून टाकायचे. त्यांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही, ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, तुझा बीट फार स्वच्छ आहे. मग सांगायला लागले की कारखाना बीटला चिकटलेली माती वजनातून वजा करायचा, किती टक्के कापले यावरून दरवर्षी कुरबुर, आणि साखरेच्या प्रमाणावर भाव. मी म्हटलं आमच्याकडे काटा आणि उतारा यावरून हेच चालतं. त्यांना ऊस माहीत होता पण तो ट्रॉलीतून जातो आणि तोडणारे लोक मुलाबाळांसकट शेकडो किलोमीटर लांबून येऊन कोप्यांत राहतात हे माहीत नव्हतं, ते ऐकून ते जरा गप्प झाले, मग म्हणाले आमच्याकडे हे सगळं मशीनने व्हायचं, हात लागायचे ते फक्त चहाच्या कपाला. मागे रांग लागली होती, मुलगी नळी हातात धरून माझ्याकडे डोळे वटारत होती, प्रवासी गाडीला उशीर झाला.

घरी येऊन ढिगावर आणखी एक मातीचा हात दिला. चारपाच वाघिणींतल्या मालावरही.

पुढचं काम बॅरो पुलाचं डोक्यात आहे. खरा पूल सुमारे ६५० मीटर, म्हणजे ओओमध्ये साडेआठ मीटर, तो काही या घरात होत नाही. पण त्याचा बोटींसाठी उघडणारा भाग आणि दोन्ही बाजूंचे एकेक गाळे एवढंच केलं तर फिडल यार्ड आणि स्टेशन यांच्या मध्ये एका बोर्डावर बसेल असं कागदावर तरी दिसतंय, त्यासाठी इस्त्रीचा बोर्ड खोलीतून बाहेर जावा लागेल. त्याची बोलणी चालू आहेत.